शेवट सांगणारा माणूस

नाशिक रोडच्या आमच्या वाचनालयातले हे गृहस्थ रहस्यकथा हातात देतानाच शेवट सांगून टाकायचे. "खून मेव्हण्याने केलाय. आता निवांत वाचा!" मी चिडलो की चष्मा कपाळावर चढवून हसायचे.

वडील गेले त्या वर्षी मी एक कादंबरी निवडली. बापाने जन्मभर लपवलेल्या दुसऱ्या घराची गोष्ट होती. तेवढ्यात आईच्या वयाची एक बाई पुस्तक परत करायला आली.

"फार दिवस राहिलं माझ्याकडे," ती म्हणाली.

पुस्तकाला कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं, कडा सुईदोऱ्याने शिवलेल्या. डिंकाला झुरळं लागतात म्हणून असं कव्हर आमचे वडील घालायचे. माझी शाळेची सगळी पुस्तकं त्यांनी तशीच शिवली होती.

गृहस्थांनी ते झटकन टेबलाखाली सारलं. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिली, मग भरभर निघून गेली.

"कोण होत्या या?"

ते माझ्या कादंबरीवर शिक्का मारत राहिले, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"बरं, हिचा शेवट तरी सांगा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कादंबरी माझ्यासमोरून उचलून घेतली.

"ही राहू द्या. विनोदी काहीतरी देतो."