पाठीच्या गुंड्यांपायी बेळगाव

गुंड्या पाठीला! आणि त्या लावायच्या कुणी? शेजारणीनं? लेक चंपाच्या लग्नासाठी बेळगावच्या कॅम्पातल्या शिंप्याकडून बॉड्या मागवल्या. चोळीच्या आत घालायची ही नवी तऱ्हा. कापड मऊ, शिलाई बारीक, पण चंपाचे हात पाठीला पोचेनात. रडायलाच लागली. "आई, सासरी रोज पहाटे सासूपुढं पाठ करून उभी राहू व्हय?"

दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांना उठवलं, बॉड्यांचं बोचकं घेतलं आणि निपाणीहून सकाळची मोटार धरली. बायांनो, जाणार असाल तर पुढं बसा. मागं तंबाखूची पोती मांडीवर येतात. भाडं माणशी बारा आणे, धूळ फुकट. संकेश्वरला मोटार पाणी पिते तेव्हा आपणही प्यावं, चहाच्या नादी लागू नये. पुढं चढावर सगळ्यांना खाली उतरवलं. पैसे बसायचे घेतात आणि चालवतात!

कॅम्पातले रस्ते मात्र झाडून लख्ख. दुकान दिसताच मालक म्हणाले, "तू हो पुढं, मी सायकली बघतो," आणि पसार.

शिंपीमास्तर म्हणाले, "आक्का, पॅरिसचा नमुना हाय. तिथल्या लई नामी कारागिरानं बेतलाय. मडमा ह्योच घालत्यात."

"मडमेला गुंड्या लावायला आया असती. तो कारागीर बाई का बाप्या?"

"बाप्याच असंल."

"तरीच! गुंड्या पुढं घ्या."

"गुंड्या पुढं घेतल्या तर कॅम्पातली गिऱ्हाइकं हसतील, आक्का."

म्हटलं, "मास्तर, तुमचं जाकीट उलटं घाला. लावा बघू गुंड्या."

भला माणूस, घातलं. कोपरं वर, मान वाकडी, जीभ बाहेर. एक गुंडी लागली, तीही भलत्याच काजात, आणि निघेना. मी सोडवायला लागले तोच मालक आत आले.

"काय चाललंय गं?"

"तुमच्या लेकीचं सासर!"

मास्तर घाम पुसत म्हणाले, "बॉड्या ठेवून जावा. इचार करून सांगतो."

बाजारात मांडे घेतले. आम्हा जैनांना दिवसाउजेडी जेवावं लागतं, म्हणून परतीच्या वाटेतच भाकरी सोडून खाल्ली. बेळगाव बघण्यासारखं आहे, हवा गार, माणसं गोड बोलतात. पण घरी आल्यापासून एकच मनात घोळतंय. कुठल्या मुलखातला तो बाप्या, त्यानं एक कापड बेतलं आणि निपाणीत माझ्या पोरीला रडू आलं. एवढा नामी, तर घालणारीला एकदा विचारलं का नाही?

मास्तर, हे छापून आलं की कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. लग्न पौर्णिमेला आहे. गुंड्या पुढं घेणार का न्हाय? येत्या गुरुवारच्या बाजारापर्यंत मोटारवाल्याकडं निरोप द्या. 'इचार करतो' हा निरोप धरला जाणार न्हाय.