शेवटच्या प्रकरणातला आवाज

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात माश्या मारत बसायचं नाही, असं बाईंनी ठरवलं आणि त्या अंधांसाठीच्या ग्रंथालयात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला जाऊ लागल्या. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद. काचेपलीकडे यंत्रावर बसलेला रेकॉर्डिस्ट. तिथे बाईंनी प्रेमकथा वाचल्या, खुनाच्या कथा वाचल्या, मधुमेहावरचं जाडजूड पुस्तकसुद्धा घाम पुसत वाचून काढलं.

मग हातात आलं पर्यावरणावरचं पुस्तक. तापत चाललेली हवा, कोळशाचा धूर, आटत चाललेल्या नद्या; आणि शेवटच्या प्रकरणात ऊन-वाऱ्यापासून वीज करा, अजून वेळ गेलेली नाही, असा दिलासा. मनातल्या मनात वाचताना नकोशी ओळ गाळून पुढे जाता येतं. मोठ्याने वाचताना ती सोय नाही. बाईंची झोप उडाली. घरी त्या खोल्याखोल्यांतले दिवे विझवत फिरू लागल्या.

“वहिनी, मी अंधारात घसरून पडले तर पृथ्वी येणार आहे का मला उचलायला?” सोबत राहणाऱ्या नणंदेने एकदा विचारलं. एरवी बाई खळखळून हसल्या असत्या.

पुस्तक श्रोत्यांपर्यंत गेलं. काही आठवड्यांनी एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत ग्रंथालयात आले. जन्मांध, आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेले. बाईंचा “नमस्कार” ऐकताच त्यांनी चेहरा वळवला.

“तुम्हीच वाचलंत ना ते? तुम्हाला एक सांगायचंय. सकाळी मला पाखरं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा मला वाटलं, कान गेले. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, कान उत्तम आहेत. माझा काही विश्वास बसला नाही. हट्टाने यंत्र घेतलं, कानात घातलं, तरी काही नाही. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘बाबा, वय झालं तुमचं.’ परवा तुमचं तिसरं प्रकरण ऐकलं, पाखरं कमी झाल्याचं. कान ठीकच होते हो माझे.”

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

“आणि ते शेवटचं प्रकरण,” ते म्हणाले. “तिथे तुमचा आवाज बसलाय. लेखक म्हणतो वेळ आहे. तुम्हाला तसं वाटत नाही. बरोबर?”

तेवढ्यात वीज गेली. अंगणातला जनरेटर धडधडत सुरू झाला आणि डिझेलचा वास खिडकीतून आत आला.

“मी ते प्रकरण पुन्हा वाचते,” बाई म्हणाल्या.

“वाचा. माझ्यासाठी नको. तरुण पोरंही ऐकतात ही पुस्तकं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी गरम पाणी पिऊन, घसा साफ करून वाचायला घेतलं. एकदा झालं, पुन्हा एकदा झालं. शेवटी रेकॉर्डिस्टने काचेवर टकटक केली आणि दार उघडून आत आला.

“बाई, राग मानू नका. पण तुम्ही लहान मुलाला कडू औषध पाजताय, असं वाटतंय.”

“गोड कुठून आणू?” बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं. जुनंच रेकॉर्डिंग राहिलं.

त्या गृहस्थांनी नंतर पुस्तकं मागवणं बंद केलं. बाईंनी फोन केला, तर मुलीने उचलला. “बाबा हल्ली सकाळपासून रेडिओ मोठ्याने लावून बसतात,” ती म्हणाली. “घरात बोललेलं ऐकू येत नाही. तुम्ही तरी समजवा ना त्यांना.” बाईंनी बघते म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

पर्यावरणाची पुस्तकं आता दुसरंच कुणी वाचतं. बाई जुन्या कादंबऱ्या मागून घेतात. वाचतातही झकास, आवाज चढवून, उतरवून. पण एखादी नदी काठोकाठ भरून वाहते असं आलं, की त्या थांबतात. रेकॉर्डिस्टला वाटतं, ओळ चुकली. तो रेकॉर्डिंग मागे घेतो आणि बोटाने खूण करतो, घ्या परत.

बाई परत घेतात.