बुरूज झालाच पाहिजे

माझ्या तोंडून सवयीने गेलेल्या दोन शब्दांनी लालबागमधल्या एका बाईची खानावळ गेली. दोष सवयीचा, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण सवयीने फक्त सुरुवात केली. पुढचं सगळं मी शुद्धीवर असताना केलं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चात पुढून ‘संयुक्त महाराष्ट्र’ आलं की ‘झालाच पाहिजे’ ही पहिली आरोळी माझी असे, मग बाकीच्यांची. त्याच सुमारास आमच्याकडच्या वजनदार मंडळींनी चाळीमागचा जुना बुरूज पुन्हा बांधायचं मनावर घेतलं. तो बुरूज जिवंत माणसांपैकी कुणी पाहिला नव्हता. त्या जागेवर, सगळे मावशी म्हणत त्या मालवणी बाईची पत्र्याची खानावळ होती. गिरणीत लागल्यापासून मी तिथेच जेवत होतो.

जेवणारे सगळेच विरोधात. “होता तसा बांधणार म्हणतात. होता कसा, ते विचारा की,” एकजण आमटी ओरपत म्हणाला.

“आणि पोर्तुगीजांचा निघाला तर?” दुसरा.

“पोर्तुगीज इले तर तेंकाय वाढीन,” मावशी म्हणाली, “पण बसतले खंय?”

बुरुजाच्या ठरावासाठी सभा ठरली, तिथे विरोधात बोलायचं तिने मलाच सांगितलं. “झिला, तुझो आवाज मोठो आसा.”

पटांगण भरलं होतं. आधी अध्यक्ष बोलले. महाराष्ट्राचा मान, महाराष्ट्राची शान असं करत त्यांनी हात वर केला. “आपला बुरूज...”

“झालाच पाहिजे,” मी ओरडलो. माझ्यामागून सगळं पटांगण ओरडलं, खानावळीतले जेवणारेसुद्धा. ठराव एकमताने मंजूर झाला. मावशी कडेला उभी राहून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाऱ्यांनी मला गाठलं. “चुकून गेलं म्हणून सांग जा. तू सांगितलंस तर सभा परत घ्यावी लागेल.”

गेलो. अध्यक्षांच्या घरी मोर्चातले ओळखीचे सगळे बसले होते. “पहिला आवाज तुमचा,” मी बुरुजाचा विषय काढताच अध्यक्ष हसत म्हणाले. “आज बुरूज नको, उद्या महाराष्ट्र नको म्हणाल.”

“नाही, तसं काही नाही,” मी म्हणालो, आणि समोर आलेला चहा प्यायलो.

तिथून माझी दोन्हीकडून कोंडी झाली. खानावळीत तोंड दाखवता येईना, आणि मोर्चात गप्प राहावं तर लोक कारण विचारणार. म्हणून पूर्वीपेक्षा जोरात ओरडत राहिलो. पत्रे उतरवले त्या दिवशीही मी मोर्चात होतो. बुरूज कंबरेइतका झाला आणि तसाच राहिला. मावशी कॉटन ग्रीनला बहिणीकडे गेली.

राज्य झालं. त्यानंतरही तिच्या दारात जायला मला काही वर्षं लागली. ती तांदूळ निवडत होती. “जेवलंस?” तिने विचारलं. मी खाली बसलो.

“मावशी, तू मला तुझ्या बाजूने बोलायला पाठवलंस आणि मी तुझ्याच विरोधात ओरडलो. ते चुकून झालं. पण नंतर निस्तरता आलं असतं, ते मी भीतीपोटी केलं नाही. ते चुकून नव्हतं. मला माफ कर.”