पेशंट कम्फर्टेबल

विरारच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा सुई टोचताना मी कधी घाबरले नाही. घाबरायचे ते पेन धरताना. प्रत्येक पाळीला पेशंटच्या फाईलमध्ये इंग्रजीत नोंद करायची असे. माझी शाळा मराठी, नर्सिंगचं इंग्रजी घोकून पास झालेली. मेट्रन माझ्या नोंदी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. एकदा म्हणाल्या, "हे असंच राहिलं तर तुला कायम करता येणार नाही."

मग मी स्वतःचं लिहिणंच सोडलं. आधीच्या पाळीची नोंद जशीच्या तशी उतरवायची: 'पेशंट कम्फर्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स.' आमच्यातल्या अर्ध्याजणी हेच करायच्या. चूक निघत नसे, त्यामुळे शिकावंसं वाटेना. आणि लिहीत नव्हते म्हणून येत होते ते शब्दही विसरले. घरी वही उघडून बसायचे, दुसऱ्या ओळीला रडू फुटायचं. भयंकर राग यायचा स्वतःचा.

जवळच्या चांदीप गावच्या एका आजींच्या पायाला प्लॅस्टर घातलं होतं. सकाळी त्या म्हणाल्या, "पोरी, बोटांना मुंग्या येतात गो. पाय आतून ठनकतो." प्लॅस्टर घट्ट होत असेल, हे मला लगेच कळलं. पेन उचललं. वाक्य जुळेना, मागे रांगेत आणखी सहा फायली. डॉक्टरांना तोंडी सांगू म्हटलं आणि तीच ओळ उतरवली. आजी माझ्या हाताकडे कौतुकाने बघत होत्या.

डॉक्टर आले तेव्हा मी दुसऱ्या वॉर्डात अडकले होते. फाईल वाचून ते पुढे गेले. दुपारी मी आजींच्या पायावरची चादर सारली तर बोटं काळीनिळी. धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी प्लॅस्टर कापलं. पाय वाचेल का, हे उद्या कळेल म्हणाले.

ते गेल्यावर मी फाईल घेतली. आजींनी सकाळी काय सांगितलं, किती वाजता सांगितलं आणि मी ते लिहिलं नाही, असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायला लागले. नोकरी गेलीच, हे दिसत होतं. शब्द मात्र येत होते, एकामागून एक.

आजींनी मान वळवली. "आता काय लिवतेस?"

"सकाळी तुम्ही सांगितलंत ना, ते."

त्यांनी फाईलकडे बोट दाखवलं.

"मंग सकाली काय लिवलंस?"