कादंबरी संपल्यावर सांगितलेला कौल

"स्तनातली गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर बायकोला म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी आला असतात तर सोपं गेलं असतं." तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. २००४चा जून होता.

बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, गोव्याच्या मोठ्या इस्पितळात आधीच झाली होती. मग ऑपरेशन. मग केमोथेरपी, शिरेतून औषध सोडतात, पाच-सहा तास पडून राहावं लागतं. त्या तासांसाठी मी आमच्या कट्टा गावच्या वाचनालयातून एक जुनी भाषांतरित कादंबरी नेली. बायकोला वाचताना गरगरायचं, म्हणून मी वाचून दाखवायचो.

त्यातला जमीनदार बायकोवर इतकं प्रेम करतो की तिच्या माहेरची पत्रं तिला न दाखवता जाळतो. ती झुरून मरते. तो उरलेला जन्म तिच्या थडग्यापाशी काढतो.

शेजारच्या खाटेवरची देवबागची मासे विकणारी बाईही ऐकायची. मेल्याला खाडीत बुडवा म्हणायची, आणि पुढच्या खेपेला मी पुस्तक काढायच्या आत विचारायची, "तुमचो तो मेलो खंय रवलो आज?"

बायकोचंही तसंच. "माका तेचो राग येता," म्हणाली. "पण तो पानावर नसलो काय करमणा नाय. असा कित्याक?"

मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. रडू त्या जमीनदारासाठी येत होतं आणि किळसही त्याचीच. ते अजून मला नीट उलगडलेलं नाही.

देवबागची बाई त्या दिवशी लवकर घरी गेली होती. मी पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं.

निदानाच्या चार महिने आधी, गाठ हाताला लागली तेव्हा ग्रामदेवीचा कौल घ्यायला मी एकटाच गेलो होतो. गुरवाने पाषाणाला दोन्ही बाजूंना कळ्या लावून, हिला डॉक्टरकडे न्यावं का, असं गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली. म्हणजे होकार, डॉक्टरकडे न्या. घरी येऊन मी डावी पडली, देवीचा नकार आहे म्हणून सांगितलं. मालवणचे डॉक्टर पुरुष. तिच्या अंगाला परक्याचा हात लागणं मला सोसवेना. त्याला मी प्रेम समजत होतो.

तिने माझ्या हातातलं पुस्तक घेऊन उशाशी ठेवलं.

"ऑपरेशन झाल्यापासून मी देवीक हात जोडूक नाय," म्हणाली. "वाटला, तिनाच माका फसवल्यान."

बरी होऊन आल्यावर ती आधी देवळात गेली. मला म्हणाली, "तुमी भायरच रवा."

आज पाच वर्षं झाली, तपासण्या ठीक येतात. डॉक्टरांचे, परिचारिकांचे उपकार आहेतच. घरात कुणाला गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि कौल लावायचाच तर जिचं अंग आहे तिला समोर उभी करा.

माफ केलंस का, हे मी विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात तिने तेच पुस्तक पुन्हा मागवलं. आता ती स्वतःच वाचते, मनात. मी शेजारी बसून असतो. मध्येच ती पान उलटायची थांबते, तेव्हा कुठे पोचली असेल ते मला कळत नाही.