कुलपातलं मशीन

त्या डॉक्टरबाईंचं नाव मला माहीत नाही, पण त्यांचा संताप मी विसरलो नाही. बुलडाण्याच्या दवाखान्यात अत्यवस्थ बाबांना खाटेवरून हलवणं शक्य नव्हतं. सलाईन लावायला त्यांच्या मानेतली मोठी शीर बाई बोटांनी चाचपून शोधत होत्या. सुई पुन्हा चुकली तसा मी ओरडलो, "शेजारच्या खोलीत कुलपात शीर दाखवणारं सोनोग्राफीचं मशीन हाये ना? मंग आंधळ्यावानी काऊन टोचून राह्यल्या?"

"त्या खोलीबाहेर मशीन काढाले बंदी हाये. लोकायनं पोटातल्या पोरी पाहून पाहून मारल्या, म्हणून!"

अखेर शीर सापडली. बाईंनी हातमोजे ओरबाडून बादलीत आपटले.

"मी घरातली चौथी पोरगी. तवा आमच्या गावात, मोताळ्यात, हे मशीन असतं, तर आज तुमच्या बापाले टोचाले मी नसती."