शेवट ठाऊक असलेली बाई

बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या, अजून न सुटलेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात गांजाच्या तस्करीवरची जुनी, गाजलेली रहस्यकथा. पान उलटण्याआधी ती दरवेळी बोटं पदराला पुसायची.

कडक इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस आला. "इथं माझा रुमाल होता. उठा."

तिनं रुमाल त्याच्या हातात दिला. "सीटवर माणूस बसतं दादा, रुमाल न्हाई."

त्यानं पुस्तकाकडं पाहिलं. "वाचलंय मी हे. उठा, न्हाईतर शेवट सांगीन."

"सांगा की मोठ्यानं! माल पुढाऱ्याचाच निघतो आन् बेड्या घालून त्याला गावातून नेत्यात. लिहिणारा लई छातीचा होता. तेवढ्यासाठीच पुन्यांदा वाचतेय. बाहेर कुठं बघाय मिळतंय?"

मागची माणसं हसली. तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमी तरी उठा."

एरवी मी 'सॉरी' म्हणत उठले असते.

"नाही," मी म्हणाले. मग तिला विचारलं, "मावशी, सुरुवात कशी आहे?"

तिनं बोटं पदराला पुसली आणि पहिलं पान आम्हा दोघींच्या मध्ये धरलं.